लाल दोऱ्याची गादी

३ ऑगस्ट, सोमवार
हिची कंबर पुन्हा धरली. उठताना कपाटाचा आधार घेते. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांआधी गादी बदला. डॉक्टरचं आणि गादीवाल्याचं आतून काही असेल का? मुलाला, सुधाकरला, तसं बोललो तर हसला. "अण्णा, तुम्ही देवाच्या प्रसादाचा पण वास घेऊन बघता."
कापसाची गादी. तीनदा पिंजून घेतली, समोर बसून. आता आत गोळे झालेत, हे खरं. मी बाहेरच्या खोलीत चटईवर झोपतो. मला काही होत नाही.

५ ऑगस्ट
रिक्षानं दुकानात. मी, ही, सुधाकर. दुकानदार मुनीरभाई. "चाची, आरामसे लेटो." ही परक्या माणसांसमोर आडवी व्हायला लाजली. पदर सारखा करून काठावर बसली. शेवटी कुशीवर टेकली. तिसरी गादी पसंत. "ही चालंल," एवढंच बोलली.
पावती होईपर्यंत मी माझं काम उरकलं. टोपीतली सुई काढून गादीच्या खालच्या कोपऱ्याला लाल दोऱ्याचे दोन टाके घातले. सोयगावला अडतीवर जन्मभर पोती शिवली. दाखवायचा माल एक, धाडायचा दुसरा. मला कुणी शिकवू नये. कुणाला कळलं नाही.

६ ऑगस्ट
गादी आली. प्लास्टिकात बंद. प्लास्टिक फाडून चारी कोपरे बघितले. दोरा नाही.
सुधाकर म्हणतो, नवी कोरी आहे. दिसते नवी. पण ती नव्हे. 

७ ऑगस्ट
पाचला उठणारी बाई सात वाजले तरी उठेना. हाक मारली. म्हणाली, "लई दिवसांनी झोप लागली बघा."
गादीला वास येतो, नव्या चपलेसारखा. वासानं गुंगी तर नसेल आली?

८ ऑगस्ट
एकटाच दुकानात गेलो. मुनीरभाईंना कोपरा दाखवला. दोरा तिथंच, त्यांच्याच गादीला.
"चचा, ये शो का पीस है. सारा शहर इसपे बैठके जाता. म्हणून तुम्हाला गोदामातला बंद माल दिला."
म्हणालो, मला माझा दोरा पाहिजे.
त्यांनी माझी पावती मागून घेतली. "ठीक है. आपकी मर्जी. पन नंतर बोलू नका."
इतक्या लवकर का ऐकलं?

१० ऑगस्ट
दोऱ्याची आली, बंद गादी गेली. सुधाकर बोलत नाही.
ही भाजी आणायला गेली तेव्हा गादीवर हात फिरवला. एका काठाला दबलीय. गिऱ्हाईक टेकतं तिथं. त्या दिवशी ही पण तिथंच टेकली होती. मधेही थोडा खड्डा. सारा शहर, म्हणाले होते.
 

१२ ऑगस्ट
"झोप लागली का?"
"लागली की."
"आधीच्या गादीवानी?"
"व्हय. तुम्ही पारखून आणली म्हटल्यावर!"
पाठमोरी बोलली. चहा गाळताना डावा हात कंबरेवर. टोमणा होता का खरंच? पन्नास वर्षं झाली, अजून ओळखता येत नाही.

१३ ऑगस्ट
संशय येतो की ही रात्री गादीवरून उतरून खाली गोधडीवर झोपते. सकाळी मी उठायच्या आत आवरून ठेवत असेल.
संध्याकाळी देवळात गेली. मी कपाटातल्या गोधडीची वळकटी करून लाल दोरा बांधला. अडतीवरची गाठ मारली. ओढली की सुटते, पण शिकल्याशिवाय परत तशी मारता येत नाही. आमच्या हाताखालची माणसं महिनाभर चुकायची.

१४ ऑगस्ट
ही अंघोळीला गेल्यावर कपाट उघडलं.
दोरा जागेवर. घट्ट बांधलेला. क्षणभर बरं वाटलं.
गाठ माझी नाही. साधी, दुहेरी. ही गजऱ्याला मारते ती.
कपाट होतं तसं लावलं.
दुकान दहाला उघडतं. मुनीरभाईंना काय सांगायचं? नंतर बोलू नका म्हणाले होते. सुधाकरला सोबत न्यावं तर तो आधीच
ही चहा ठेवून गेली. दारातून म्हणाली, "आज कुठं जायचंय का? धुतलेला सदरा काढून ठिवू?"
म्हणालो, बघू.
ही मला सदऱ्याचं कधी विचारत नाही.