बुटाच्या खोक्यातील सतरा कार्डे

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे त्र्याहत्तर, परिचारिकांच्या प्रशिक्षण शाळेतील निवृत्त इंग्रजी शिक्षक, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाखाली न येता, स्वतःच्या हाताने माझी शेवटची इच्छा लिहून ठेवत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवल्यास खोटे समजावे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. त्याच दाखल्यात माझ्या आजाराचे नाव आहे, कार्डिओमायोपॅथी. ग्रीकचे तीन तुकडे: हृदय, स्नायू, पीडा. एकतीस वर्षे हा शब्द मी फळ्यावर फोडून दाखवला. आता तो माझ्या छातीत येऊन बसला आहे आणि फोडता येत असूनही मला त्याचे काही करता येत नाही.

कलम १. दुसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या व स्वयंपाकघर पत्नीच्या हयातीत तिचे राहील, नंतर मुलीचे. पुढच्या खोलीतल्या खिडकीची कडी आधी वर उचलावी आणि मग ओढावी. नुसती ओढणाऱ्याच्या हातात ती येते, हे जावयांना विचारावे.

कलम २. बँकेतील ठेव फक्त पत्नीच्या देखभालीसाठी आहे. या मृत्युपत्राची व्यवस्थापक माझी मुलगी. तिच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. माझ्या प्रामाणिकपणाबद्दल कलम ४ पाहावे.

कलम ३. चोवीस खणांचे लाकडी कपाट, आतील सुमारे तीन हजार कार्डांसह. प्रत्येक कार्डावर एक ग्रीक किंवा लॅटिन मूळ, खाली त्याचा अर्थ, त्याखाली त्या मुळापासून फुटलेले चार इंग्रजी शब्द. शाळेत येणाऱ्या मुली 'हेपॅटायटिस' बघूनच रडकुंडीला यायच्या. मी सांगायचो, "घोकू नका गं, फोडा. हेपॅट म्हणजे यकृत, आयटिस म्हणजे दाह. झालं, संपला राक्षस." पुढच्या आठवड्यात त्याच मुली मी न शिकवलेले शब्द मला फोडून दाखवायच्या. माझ्या आयुष्यात याहून मोठे सुख थोडेच आले.

हे कपाट शाळेला द्यायचे होते. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सर, आता सगळं मोबाईलवर आहे. ठेवायचं कुठे हे धूड?" माझा तास बंद करून छापील याद्या पाठ करायला लावल्या त्या याच बाई. त्यांना कपाट नको असल्याने फक्त एक कार्ड द्यावे, 'प्रिन्सिपल' या शब्दाचे. लॅटिनमध्ये त्याच्या मुळाशी 'सर्वांत आधी घेणारा' असा अर्थ आहे. पाकिटावर माझे नाव घालू नये, अक्षर त्या ओळखतील. उरलेले कपाट खालच्या मजल्यावरील बाइंडरभाऊंना द्यायचे मनात होते, पण ते या कागदाला साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असे वकील म्हणाले. 'टेस्टामेंट' या शब्दाच्या पोटात 'टेस्टिस' म्हणजे साक्षीदार बसलेला आहे, तेव्हा लॅटिनपुढे आमचे काही चालले नाही. कोणीच घेत नसेल तर कपाट रद्दीवाल्याला द्यावे. मी ते बघायला नसेन.

कलम ४. हे कलम मिळकतीबद्दल नाही. वकिलांनी गाळायला सांगितले होते, मी ठेवले आहे.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी पत्नी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. टॉवेल पुढे करून म्हणाली, "हा गलम खुंटीला लाव." मी हसलो. ती पुन्हा काही बोलली, तेही असेच, अर्धे ओळखीचे आणि अर्धे नवे. कोणालाही कळले असते की काहीतरी बिघडले आहे. मला मात्र त्या तुकड्यांत मुळे दिसू लागली. मी पेन्सिल आणि कोरी कार्डे घेऊन समोर बसलो, आणि ती बोलेल ते उतरवू लागलो. अकरा कार्डे भरली. ती सारखी माझ्याकडे बघत होती, आणि मी कार्डांकडे. मग तिच्या उजव्या हातातून कप गळून पडला तेव्हा मी डॉक्टरांना फोन केला. भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे चाळीस मिनिटे गेली होती.

दवाखान्यात विचारले, "कधी सुरू झालं?" मी म्हणालो, "आत्ताच. पाचेक मिनिटं झाली असतील."

पक्षाघात होता, त्यात मिनिटे मोजतात. तिची वाचा गेली ती आलीच नाही. याला अफेझिया म्हणतात. 'अ' म्हणजे नसणे, 'फेसिस' म्हणजे बोलणे. मुलगी मात्र चारचौघांत सांगते, "बाबांनी वेळेवर नेलं म्हणून आई वाचली." दोन वर्षे हे कौतुक मी निमूट गिळले. एकदा फोनवर सांगायला सुरुवात केली, "त्या सकाळचं जरा..." तर ती म्हणाली, "तुम्ही जेवलात का?" मी हो म्हणालो. बेटा, ती चाळीस मिनिटे आधी गेलो असतो तर काय झाले असते हे मी कोणत्याही डॉक्टरला विचारलेले नाही. विचारायची छाती झाली नाही.

कलम ५. पलंगाखालचे बुटाचे खोके. यात सतरा कार्डे आहेत. पत्नीजवळ आता जे आवाज उरले आहेत त्यांची ही कार्डे, माझ्या जुन्याच पद्धतीने: वर आवाज, खाली अर्थ, त्याखाली ती तो कधी काढते. 'बगी' म्हणजे पाणी. 'काटी' म्हणजे खिडकी उघडा. 'मांडू' म्हणजे मला एकटीला सोडा, आणि तेव्हा खरोखर सोडावे. 'नेनेने' सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून लाल शाईने लिहिले आहे. ते म्हणताना ती हसते. तेव्हा तिचा डावा गुडघा असह्य दुखत असतो. तिला खूश समजून कोणी टाळ्या वाजवू नयेत. मागच्या वेळी फिजिओवाल्या ताईंनी वाजवल्या होत्या, आणि मी वेळीच स्वयंपाकघरातून आलो म्हणून निभावले.

सतरावे कार्ड 'तोमा'. वर आवाज आहे, खाली काही नाही. हा आवाज ती फक्त माझ्याकडे बघून काढते. सवयीने मी ग्रीक चाळले, लॅटिन चाळले, आणि मग स्वतःचीच लाज वाटून कोश मिटला.

कलम ६. मुलीचे म्हणणे असे: "बाबा, तुमच्यानंतर मी तिला केंद्रात ठेवीन. तिथे चोवीस तास माणसं असतात. तिला तसंही काही कळत नाही, तुम्ही उगाच कार्डं करत बसता." तिची नोकरी आहे, दोन मुले आहेत, घर सहा तासांच्या अंतरावर आहे. मी तिला अडवू शकत नाही, आणि अडवण्याचा हक्क मी कलम ४ मध्ये घालवला आहे. हात जोडून एवढेच मागतो की खोके तिच्याबरोबर जावे, उशाशी राहावे, आणि जो कोणी तिला आंघोळ घालील त्याने निदान लाल कार्ड वाचावे. ते वाचतील की नाही हे मला ठरवता येणार नाही. माझ्या सगळ्या मिळकतीत याच एका गोष्टीची मला काळजी आहे, आणि तिच्याचसाठी कायद्यात कलम नाही.

सही करण्यापूर्वी येथपर्यंतचे सर्व मी दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचले. पत्नी शेजारच्या खुर्चीत होती. तिला बाहेर नेऊ का असे बाइंडरभाऊंनी विचारले, मी नको म्हणालो. कलम ४ सुद्धा तिने ऐकले. चाळीस मिनिटांपाशी मला थांबावे लागले. तेव्हा तिने 'तोमा' म्हटले आणि माझा डावा हात धरला.

"वहिनी काय म्हणाल्या?" बाइंडरभाऊंनी विचारले.

"माहीत नाही," मी म्हणालो.

खालील सही वाकडी आली तरी ती माझीच समजावी. कागद दाबून धरायला डावा हात मोकळा नाही. तो सोडवून घ्यावा असे मला वाटत नाही.

सही: (लिहून ठेवणार)

वरील मजकूर आमच्यासमोर वाचून, आमच्यासमोर सही केली आहे. हात धरल्याने सहीवर कोणतेही दडपण आले नाही, असे आम्ही पाहिले.

साक्षीदार १: सही (खालच्या मजल्यावरील बाइंडर)
साक्षीदार २: सही (फिजिओथेरपिस्ट. लाल कार्ड वाचले.)

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: चालू महिन्याची नऊ तारीख, सोमवार, सकाळी अकरा वाजता