मुरबाडच्या मैत्रिणीस उत्तर

लालबाग, मुंबई
रविवार, १४ जुलै २००२

चि. वैशू हिस,

दादाचा आशीर्वाद. भूमिकाचा एक पापा घे. दोन वर्षांची झाली, आता मला ओळखेल की नाही कोण जाणे.

मी बरा आहे. काल घरी जाऊन आलो. ढवळी व्याली, पाडी झाली. आईचा गुडघा दुखतो तरी आवणीला जातेच. भात लावताना वाकलं की दुखत नाही, उभं राहिलं की दुखतं, असं तिचं म्हणणं. बाबांनी तंबाखू सोडली आहे. म्हणजे ते तसं सांगतात, सदऱ्याचा खिसा काही वेगळंच सांगतो.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तुझी शाळेतली मैत्रीण माधुरी, तुझ्या सासरच्या गावी अंगणवाडीत असते ती, मंगळवारी वैशाखऱ्याहून खर्डीला तिच्या आईकडे येणार आहे. तिथे तिच्या हातात देईन. अंगणवाडीच्या वह्यांतून ती तुझ्यापर्यंत आणील. तुझ्या घरात दुसऱ्या कोणाला दाखवू नकोस, अनिलरावांना तर नाहीच.

आज सुटी आहे आणि मी ऑफिसात बसलोय. सकाळपासून तीन कागद फाडले. आता पाडी, गुडघा, तंबाखू सगळं लिहून झालं, लपायला जागा उरली नाही. तेव्हा सांगतो. तू आमच्या साप्ताहिकाला ‘ताईंना विचारा’ या सदरासाठी जे पत्र धाडलंस, खाली नुसतं ‘एक मैत्रीण, मुरबाड’ लिहून, ते माझ्यासमोर टेबलावर आहे. ताईंनीच ते मला दिलं, असं लिहिणार होतो. पण ताई कोणी नाही, वैशू. होती एक, खरोखरची, चष्मा लावणारी. ती लग्न होऊन नागपूरला गेली. संपादक म्हणाले, नवी बाई मिळेपर्यंत प्रुफं तपासता तपासता हेही लिही. नवी बाई मिळालीच नाही. चार वर्षं झाली, ताई म्हणजे मी.

हसू नकोस. खरं तर हस, मला बरं वाटेल. शहरात नव्याने आलेली पोरं-पोरी आठवड्याला पन्नासेक पत्रं पाठवतात. रूममधला सोबती माझा साबण वापरतो, काय करू? ऑफिसातला एकजण रोज माझ्या डब्यातली भाजी मागतो, हे प्रेम असेल का? नोकरी गेली हे घरी कसं सांगू? आणि मी, ज्याच्या डब्यातली भाजी आजवर कोणी मागितली नाही, तो त्यांना लिहितो की रोज अर्धा तास फक्त स्वतःसाठी ठेवा, खिडकीपाशी बसा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. मला खिडकी नाही.

दादरची खोली, तिची गॅलरी, गॅलरीतली तुळस, हे सगळं मी घरी सांगितलेलं आहे. तुलाही सांगितलं. त्यातलं काही खरं नाही. मी लालबागला एका खोलीत कॉटबेसिसवर राहतो. नऊ माणसं आणि पाच कॉट. माझ्या कॉटवर दिवसा एक रात्रपाळीचा माणूस झोपतो, त्याच्या अंगाची ऊब निवायच्या आत मी आडवा होतो. सुटीच्या दिवशी मला बसायला जागा नसते म्हणून मी ऑफिसात येतो आणि ताई होतो. बाबा एकदा म्हणाले, ‘तुजी खोली बगायला येतू रे’, तेव्हा मी खोलीला रंग काढलाय म्हणून सांगितलं. तो रंग दोन वर्षं चालला होता.

इथपर्यंत सोपं होतं. पुढचं मला लिहायचं नाही, पण लिहितो.

हे तुझं ताईंना आलेलं पहिलं पत्र नाही. सत्याण्णवपासून मी घरी अंक आणायचो, तू ते पान पहिलं वाचायचीस. नव्याण्णवच्या मार्चमध्ये तू विचारलंस: मी बारावी झाले आहे. वडिलांनी माझी सुपारी फोडली आहे. माझा भाऊ मुंबईला असतो, त्याची स्वतःची खोली आहे. तो दिवाळीत म्हणाला, माझ्याकडे राहा, नर्सिंग कर. सुपारी मोडून जाऊ का? मला माणसांची सेवा करायला आवडेल.

मुरबाडचं नाव घालून तू खर्डीची वैष्णवी लपवलीस. पण पाटीवर तुझा हात धरून अक्षरं मी गिरवून घेतली होती. पाकीट उघडताक्षणी मला कळलं की हे माझ्या बहिणीने मलाच विचारलंय.

दोन-अडीच तासांत घरी येता आलं असतं. तुला विहिरीवर गाठून म्हणता आलं असतं, ‘वैशू, मी थापा मारल्या गो, खोली नाय माझ्याकडं, पन कायतरी करू.’ तू थोडी रडली असतीस, मग मला चार शिव्या दिल्या असत्यास आणि आपण काहीतरी केलं असतं. पण माझी थाप उघडी पडेल याची मला इतकी लाज वाटली की मी पेन उचललं आणि ताई होऊन तुला उत्तर दिलं. ते तुझ्या ट्रंकेत आहे, पण मलाही पाठ आहे:

“मैत्रिणी, आपल्या भागात सुपारी फुटली की अर्धं लग्न झालं. ती मोडली तर पाच गावांत बोलणी होतात आणि धाकट्या बहिणी असतील तर त्यांनाही स्थळं येत नाहीत. भाऊ मायेने बोलला असेल, पण शहरात माणसाचं स्वतःचंच भागत नाही. दुरून डोंगर साजरे. वडिलांनी पाहिलेला मुलगा एकदा मोकळ्या मनाने पाहा.”

धाकट्या बहिणी आपल्याला नाहीत. त्या मी घातल्या, म्हणजे ते पत्र तुझं आहे हे मला ठाऊक नाही असं वाटावं म्हणून. इतकी हुशारी मी दुसऱ्या कुठल्या कामात दाखवली असती तर आज संपादक असतो.

तुझ्या हळदीच्या दिवशी, अंगभर पिवळी झालेली तू मला मागच्या पडवीत घेऊन गेलीस आणि ते कात्रण दाखवलंस. म्हणालीस, “दादा, ही बाई आपल्याकडचीच असंल, नाय रे? शहरातल्या बाईला सुपारीचा काय म्हाईत? म्हनून मी तिचा ऐकला.” बाहेर मांडवात धवलारीण लग्नाची गाणी गात होती. मला वेळ होता. मांडवात नवरा आला नव्हता, हळद काय, धुता येते. मी म्हणालो, “असंल.”

तो एक शब्द मी तीन वर्षं गिळतोय, वैशू. उतरत नाही.

आता तुझं नवं पत्र. तू लिहिलंयस, “ताई, तुमचं उत्तर मी ऐकलं. तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही, माणूस कसा निघेल हे तुम्हाला तरी काय माहीत. मिस्टर हात उचलतात. मुलगी झाल्यापासून जास्त. अंगणवाडीत मदतनीस घेणार होते, मी अर्ज करते म्हटलं तर सासूने बारावीचा कागद चुलीत टाकला. आता मुलीला घेऊन भावाकडे जाऊ का? पण तो सुखात आहे, त्याला माझा त्रास नको वाटतो. तीन वर्षांत तो एकदाही मुराळी होऊन आला नाही, कामात असेल. दरवेळी चुलतभाऊ येतो.”

हे वाचून मी जिन्यात जाऊन बसलो.

कामात नव्हतो. तुला माहेरी न्यायला सख्ख्या भावाने यायचं, सासरच्या ओट्यावर बसून जेवायचं, तुझ्याकडे बघायचं आणि तुला बरोबर घेऊन निघायचं. मला तुझ्याकडे बघायचं नव्हतं. म्हणून दर सणाला चुलत्याच्या पोराला पाठवलं. गेल्या दिवाळीत माहेरी आलीस तेव्हा तुझ्या कोपरावर काळं-निळं होतं. विचारलं तर म्हणालीस, ‘उंबऱ्याला अडखळले’. मी लगेच मान डोलावली. असं कोणी अडखळत नाही हे मला कळत होतं.

मंगळवारच्या अंकाला तुझं उत्तर हवंय म्हणून संपादक मागे लागलेत. मी त्यांना सांगितलं की ताईंना यापुढे लिहिता येणार नाही. ते म्हणाले, बाईमाणसाचं नाव आहे, कोणीही लिहील. लिहू दे. तुझं उत्तर छापून यायचं नाही. ते इथेच देतो.

जाऊ का, असं विचारलंस. निघ. भावाकडे जाऊ का, असं विचारलंस. भावाकडे खोली नव्हती. आता आसनगावला एका चाळीत एक पाहिली आहे. पत्र्याची आहे, नळ बाहेर, शेजारी पिठाची गिरणी, दिवसभर धडधड. तुळस नाही. परवा किल्ली मिळेल. बारावीचा कागद जळला तरी बोर्डातून दुसरा निघतो, मी चौकशी केली. नर्सिंगला आता घेतील की नाही माहीत नाही. कल्याणला एका दवाखान्यात रुग्णांजवळ बसायला बायका घेतात, शिकवतातही. पोरीला कोण सांभाळणार, हे अजून ठरलेलं नाही. सगळं नीट होईल असं मी लिहिणार नाही, तसं लिहायची खोड आता पुरे झाली. लोक बोलतील. पाच नाही, दहा गावांत बोलतील.

काल आई-बाबांना सगळं सांगितलं. खोलीचं, ताईचं, हळदीच्या दिवसाचं. आईने कपाळावर हात मारला आणि म्हणाली, “पोरीनं तुला इचारला आनि तू तिला बाईचा आवाज काडून फसवलास?” एवढंच. मग जेवायला वाढलं. बाबा उठून गोठ्यात गेले. बऱ्याच वेळाने आले, माझ्याकडे न बघता म्हणाले, “सुपारी मी फोडली व्हती. तू येकटाच नको घेऊस.” त्यांनी असं म्हणायला नको होतं. त्याने मला जास्तच लागलं.

येत्या रविवारी सकाळी मी वैशाखऱ्याला येतोय, मुराळी म्हणून. सासूबाई म्हणतील, आवणीच्या दिवसांत सून कोण सोडतो? मी म्हणेन, तिच्या वाटची आवणी मी लावतो. दोन दिवस लागोत, चार लागोत, चिखलात उभा राहीन. आता माझी पाठ वाकत नाही, त्यांना हसायला होईल. हसू देत. अनिलराव चिडले तर माझ्यावर चिडतील, मी तिथे असेन. भूमिकाचे कपडे आणि तुझे कागद काय उरले असतील ते माधुरीकडे आधीच देऊन ठेव.

एक मात्र आहे. हे वाचल्यावर तुला माझं तोंड बघायचं नसेल. तसं असेल तर माधुरीजवळ नुसतं ‘दादा नको’ एवढं सांग. मग बाबा येतील. आवणी सोडून येतील, तयार आहेत. मी आसनगावची किल्ली आईकडे देईन आणि तू बोलावशील तेव्हाच त्या दाराशी येईन. नाही बोलावलंस तरी ते तुझ्या हक्काचं आहे.

पण मी येवो की बाबा, तू निघ. मुराळी नेतो आणि सण झाला की परत सासरी पोचवतो, अशी आपली रीत. या वेळी पोचवायला कोणी येणार नाही.

तुला ‘असंल’ म्हणणारा,
शेखर