शेवटच्या धुण्याचं पाणी

४ मार्च, सोमवार

चाटलं! बाबांनी मशीनमधलं पाणी बोटावर घेतलं आणि चक्क चाटलं! डाईंगच्या हॉलमध्ये, सगळ्यांदेखत. कुणी ढुंकूनही बघितलं नाही. मी मात्र किंचाळलेच.

"ओरडू नका इंजिनीअरबाई, कापड घाबरेल," – बाबा. घरी मी चिमणी, इथे इंजिनीअरबाई. आणि माझा पहिलाच दिवस!

मग नीट समजावलं. रंगाने कापडाला पकडावं म्हणून पोती-पोती मीठ ओततात. नंतर मीठ जाईपर्यंत कापड धुवायचं. पाणी नितळ दिसलं तरी त्यातलं मीठ डोळ्यांना दिसत नाही. म्हणून जीभ! रंगमास्तर चव घेणार आणि म्हणणार – झालं. तीस वर्षं बाबा हे करतायत आणि मला पत्ताच नाही. मी आपली शाळेत 'सेव्ह वॉटर'ची पोस्टरं रंगवत होते!

६ मार्च, बुधवार

पाण्याचे वर्षभराचे आकडे ग्राफवर टाकले. डोळे पांढरे झाले! आधी कापडाच्या एका लॉटला दोन धुणी लागायची, आता पाच. एका धुण्याला तीन हजार लिटर. दिवसाला सहा लॉट. म्हणजे रोज चोपन्न हजार लिटर जास्त – बोअरमधून वर आणि सरळ नाल्यात!!

मॅनेजरबाई म्हणाल्या, "पुढच्या शुक्रवारी मला कारण लेखी हवंय. मशीन असेल तर मशीन बदलू, माणूस असेल तर माणूस."

आवडल्या मला. एकदम स्पष्ट बाई.

८ मार्च, शुक्रवार

पाण्यात विरघळलेलं मीठ मोजणारा टीडीएस मीटर आला. पेनाएवढा. दुसऱ्या धुण्यालाच सांगतो – मीठ गेलं! आणि बाबा? चाटतात, डोळे मिटतात – "अजून एक." परत चाटतात – "अजून एक." झाली पाच!

"बाबा, मीटर बघा ना!"

"तुझा मीटर काल जन्मला."

"मग आधी दोनात कसं भागायचं?"

"तेव्हाचं पाणी वेगळं होतं."

हट्टी! रिपोर्टमध्ये लिहून टाकलं: कारण – रंगमास्तरांचा हट्ट. वडील असले म्हणून काय झालं.

१० मार्च, रविवार

भाजीत मीठ आईनेही घातलं, मीही. दादाने पहिला घास थुंकलाच. "समुद्र आटवून घातलास का गं?"

बाबांनी परत वाढून घेतली. "झकास झालीये."

आई म्हणाली, "त्या तापापासून यांना काहीही चालतं! परवा तर बिनसाखरेचा चहा प्यायले, हूं की चूं नाही."

सगळे हसले. मीही हसले. मग ताटावरून उठून ग्राफ उघडला.

ताप जुलैत आला होता. ग्राफ जुलैपासूनच चढतो.

११ मार्च, सोमवार

आज मी फार वाईट वागले.

सॅम्पलच्या ग्लासात पाणी घेतलं आणि बाबांसमोर धरलं. त्यांनी बोट बुडवलं. चाटलं. डोळे मिटले.

"खारट आहे अजून. एक धुणं दे."

माझ्या बाटलीतलं प्यायचं पाणी होतं ते!!

हट्ट कसला आलाय! बाबांना चव कळतच नाहीये. कापड कच्चं बाहेर जाऊ नये म्हणून आपले धुतायत, धुतायत, धुतायत. आणि डोळे मिटायचं तेवढं अगदी पूर्वीसारखं.

माझ्याकडे बघून म्हणाले, "काय गं? ऊन लागलं का?"

मान हलवली आणि पळाले.

१३ मार्च, बुधवार

'हट्ट' खोडलं. मशीन लिहू? मशीन तर ठणठणीत आहे. खोटं लिहिलं तर चांगलं मशीन भंगारात जाईल आणि पाणी तसंच वाहत राहील. खरं लिहिलं तर...

"माणूस असेल तर माणूस."

आणि मी काय, खूश झाले होते!

१४ मार्च, गुरुवार

प्रिंट काढली. सगळे आकडे आहेत, ग्राफ आहे, मीटरची शिफारस आहे. कारणाची ओळ कोरी. बॅगेत ठेवली. उद्या सकाळी काहीतरी सुचेल. सुचायलाच हवं.

१५ मार्च, शुक्रवार

बॅगेत रिपोर्ट नव्हता. मॅनेजरबाईंच्या टेबलावर होता. कोऱ्या ओळीत बाबांचं अक्षर, खाली सही –

'जीभ बंद. आठ महिने. मी कुणाला सांगितलं नाही. मुलीचा मीटर बरोबर आहे.'