आज चांद कितवा?

मु. नवा मोहल्ला, आगरदांड्याजवळ
१८ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
जयमालाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुम्ही कानाचे यंत्र कपाटात जपून ठेवले आहे, म्हणून आम्हाला फोन सोडून टपालखाते जपावे लागते. असो. इकडे सगळे बरे.

बुधवारी शाळा तपासायला अधिकारी आले होते. चौथीत भूरूपांचा धडा चालू आहे. साहेबांनी खिडकीतून समुद्रातला घोडखडक दाखवला आणि हे कोणते भूरूप, असे विचारले. आमची आतिफा उठली. तिने अदबीने उलट विचारले, की आज चांद कितवा? साहेब म्हणाले, चंद्र पुढच्या धड्यात आहे. मग ‘बेट’ हे उत्तर स्वतःच सांगून त्यांनी शेरा लिहिला, ‘संकल्पना अस्पष्ट’.

भरतीला घोडखडकाभोवती पाणी असते, ओहोटीला वाळूवरून चालत जाता येते. इथली माणसे भरतीची वेळ चांदाच्या तारखेवरून काढतात. म्हणजे पोरीने नेमकेच विचारले. पण त्या दिवसापासून तिने वर्गात तोंड उघडलेले नाही. हजेरीलाही नुसता हात वर करते. आधीच्या चाचणीत घोडखडकाच्याच प्रश्नाला तिने हेच लिहिले होते आणि मी ते बरोबर धरले होते. त्यावर फुली मारा आणि पंधरा फेब्रुवारीपर्यंत खुलासा द्या, असा आदेश आहे. फुली मारायला माझा हात होत नाही, बाबा. तुम्ही याच शाळेत शिकवलेत, काय करू ते कळवा.

रक्तदाबाची गोळी घेता ना? राग गोळीवर काढू नका, माझ्यावर काढा.
तुमची,
जयमाला


महाड
२४ जानेवारी २०२५

चि. जयमालास,
जयभीम व अनेक आशीर्वाद.

पत्रात शुद्धलेखनाची एकच चूक आहे, प्रगती दिसते.

पुस्तकात बेट म्हटले आहे ना, मग बेट. फुली मार. वरिष्ठांशी वाद घालू नये. मी तिथे चार वर्षे होतो. परातीत पाणी घेऊन मधोमध बटाटा ठेवायचो, की झाले बेट. किनाऱ्यावर जायची गरजच पडली नाही. १९७९ साली रशीद नावाच्या एकाच मुलाने घोडखडकाबद्दल मला उलट विचारले, की सकाळी की दुपारी? मी त्याला शाळा सुटेपर्यंत खिडकीशी उभा ठेवला. त्यानंतर माझ्या वर्गात कोणी एकही शंका काढली नाही. चांगले शिकवणे याला म्हणतात.

गोळी घेतो. येताना सुका जवळा आण.
तुझा,
बाबा


नवा मोहल्ला
१ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम.

तुमच्या आज्ञेप्रमाणे वर्गात परात मांडली, बटाटा ठेवला. मुले बघत राहिली. मग आतिफा उठून पुढे आली, परातीची एक कड तिने हळूच वर उचलली आणि पाणी पलीकडे सरकले. बटाट्याची एक बाजू कोरडी पडली. ती काही न बोलता जागेवर जाऊन बसली. मला रडू आवरेना, मग खडू शोधायचे निमित्त केले.

आणखी एक. आतिफा ही तुमच्या त्या रशीदची नात. रशीदभाई आता होडी चालवतात. तुमचे पत्र मी त्यांना वाचून दाखवले, रागावू नका. ते खूप हसले. म्हणाले, “गुरुजींनी खिडकीशी उभा केला म्हनून तर नीट बगितला. उभा केला तवा वाट होती, शाला सुटली तवा चारी बाजूला पानी.” गुरुजींची मात्र खिडकीकडे पाठ होती, एवढेच ते म्हणाले. तुमची तब्येतही विचारली.

फुली अजून मारलेली नाही. आता काय करू?
तुमची,
जयमाला


महाड
६ फेब्रुवारी २०२५

चि. जयमालास,
जयभीम.

तुझे पत्र आल्यावर मी घरातली परात काढली. तुझ्या आईला वाटले, मला भूक लागली. पाणी घातले, बटाटा ठेवला, कड उचलली. चौतीस वर्षे नोकरी केली, ही परात मी एकदाही कलती केली नाही. फार वाईट वाटले.

फुली मारू नकोस. खुलाशात लिही, की ही चूक या शाळेत १९७९ पासून शिकवली जाते, आणि खाली माझे पूर्ण नाव घाल, भागोजी सखाराम जाधव, निवृत्त शिक्षक. मला आता काय करणार आहेत?

आतिफाला सांग, तिच्या आजोबांच्या गुरुजींना घोडखडकावर चालत जायचे आहे. कधी यावे ते तिनेच कळवावे.
तुझा,
बाबा


नवा मोहल्ला
१० फेब्रुवारी २०२५

आदरणीय गुरुजी,
अस्सलाम आलेकुम आणि जयभीम.

तुमचा निरोप बाईंनी सगळ्या वर्गासमोर वाचला. मग मी बोलले.

सतराव्या चांदाला, म्हणजे या रविवारी, या. सकाळी नऊला वाट उघडी असते. साडेदहाला परत फिरायचे. चपला हातात घ्या, वाटेत शेवाळ आहे.

तुम्ही आणि आजोबा गप्पा मारत बसलात, तर पाणी येईल आणि संध्याकाळपर्यंत तिथेच उभे राहावे लागेल. आजोबा म्हणतात, चालेल, त्यांना सवय आहे.

तुमची विद्यार्थिनी,
आतिफा