पाणी पिणारा चोर

३ नोव्हेंबर, सोमवार. पांढुर्णा
आजपासून रोजनिशी. पोलिसांत बोटांच्या ठशांचा तज्ज्ञ म्हणून सत्तावीस वर्षं झाली, काही लिहून ठेवलं नाही.
ऑफिसात दोन मशिनी आल्या. एक दाराशी, हजेरीची. दुसरी आत, ठसे जुळवणारी, एआयवाली. तिच्यासोबत सुप्रिया नावाची मुलगी आली, एमएस्सी झालेली. तिच्यापेक्षा माझा पावडरचा ब्रश वयाने मोठा.
हजेरीच्या मशीनवर अंगठा ठेवला. आतली बाई म्हणाली, व्यक्ति नहीं मिला. पुन्हा ठेवला. व्यक्ति नहीं मिला. मागे रांग. सुप्रिया म्हणाली, सर, अंगठा कोरडा आहे, जरा पाणी लावून पाहा. मी रजिस्टरवर सही केली.
संकल्प : महिनाभरात सिद्ध करायचं की डोळा तो डोळा.

६ नोव्हेंबर
रामाकोन्यात चोरी. केसरबाईंचं घर, चांदीचे दागिने गेले. आपल्याकडची ही रीत फार चांगली, आल्या माणसाला आधी पाणी. पितळी गिलास, माठातलं गार. मी घेतलं. सुप्रिया ग्लोव्हज घालून नुसती उभी. केसरबाई म्हणे, पोरगी घमेंडी दिसते जी. मी ग्लोव्हज घालत नाही. बोटांना जागा कळावी लागते.
गप्पा झाल्या. केसरबाईंच्या माहेरचे आमच्या आत्याच्या ओळखीचे निघाले. मग घरभर फिरलो, कामाला लागलो. चोर ज्या खिडकीतून आला त्याच खिडकीत एक पितळी गिलास! त्यावर उजव्या अंगठ्याचा ताजा ठसा. चक्र, मधोमध तिरपी चीर. इतका सुंदर ठसा वर्षात पाहिला नाही.
मशीन म्हणते, रेकॉर्डवर नाही. तिला काय माहीत आहे?

११ नोव्हेंबर
मोहगाव. चहा नको म्हटलं, पाणी घेतलं. कपाट फोडलेलं. कपाटावर गिलास. गिलासावर तेच चक्र, तीच चीर!
म्हणजे चोर एकच. आणि चोरीआधी पाणी पितो. मी त्याचं नाव ठेवलं, पाणी पिणारा चोर. वार्ताहराला सांगितलं, त्याने छापलं.
सुप्रिया म्हणाली, सर, घटनास्थळी जे जे गेले त्या सगळ्यांचे ठसे घेऊन ठेवू, वगळायला बरे. मी म्हणालो, आज मशीन अंगठा मागते, उद्या खुर्ची मागेल. ती म्हणाली, मशीन नुसती नावं सुचवते सर, पाहायचं आपल्यालाच असतं. लहान आहे अजून.

१४ नोव्हेंबर, सकाळ
तो ठसा पाठ सोडत नाही. संत्रं आडवं कापलं तर आत चक्र. भाकरीवर चक्र. कुठेतरी पाहिलेला वाटतो, लहानपणापासून ओळखीचा असावा तसा.
आत्ता दाढी करताना आरशावर वाफ धरली. कोपऱ्यात तोच अंगठा. चीर सुद्धा.
ब्लेड गालाला लागलं. तो घरापर्यंत आला होता. न्हाणीपर्यंत! बायकोला, सुमनला हाक मारली. म्हणे, आरशाले तुमच्याबिगर हात लावते कोण? तिला या विषयाचं ट्रेनिंग नाही. दाराला नवी कडी बसवून घेतली.

१७ नोव्हेंबर
लोधीखेडा. तिसरी चोरी, तिसरा गिलास. पाणी थोडं मचूळ होतं, पण घेतलं.
परतताना गाडीत सुचलं. या तिन्ही घरांत उजळ माथ्याने कोण शिरतं? माझ्या घरात, ऑफिसात कोण शिरतं? रामाकोन्याचा उत्तम, पाण्याचे कॅन पोचवतो तो. त्याचा अंगठा घेतला. चक्र आहे. चीरही आहे, म्हणे कॅनचं झाकण लागलं. भिंगाखाली धरला, एका नजरेत पटला.
मशीन म्हणते, जुळत नाही. सुप्रिया म्हणाली, सर, याची चीर उलट्या बाजूने उतरते. मी म्हणालो, पावडर सरकते कधी कधी. तिने सही करायला नकार दिला. माझी एकट्याची पुरली.
उत्तमला आत घेतलं. जाता जाता म्हणे, साहेब, मी पाणी पाजतो जी, पेत नाही. बोलण्यात हुशार आहे.

१८ नोव्हेंबर
ऑफिसात कॅन आला नाही. घरीही नाही. तक्रार कोणाकडे करावी कळेना.

२० नोव्हेंबर
उत्तमची आई गेटपाशी बसून आहे. देवकाबाई. रामाकोन्याहून पहिल्या बसने येते. पाण्याचा गडवा भरून आणते, वर गिलास पालथा. मी जवळून गेलो की म्हणते, साहेब, पाणी घ्या जी. बस्स, एवढंच. शिव्या नाहीत, रडणं नाही.
मी घेतलं नाही. घशाला कोरड पडली होती.
चपराशी सांगून राहिला होता, उत्तमच्या पोरीचं, ऋतुजाचं, तीस तारखेला साक्षगंध आहे, साखरपुडा. पोराकडचे विचारून राहिले, बाप सुटते का नाही. माझ्या हातात काय आहे? मी फक्त शास्त्र पाहतो.
आत शिरलो. व्यक्ति नहीं मिला.

२१ नोव्हेंबर
पुन्हा ती. पुन्हा पाणी घ्या जी. मागच्या दाराने गेलो, तर मागच्या दाराशी ती. म्हातारी उठून इकडे कधी आली? सुमनला सांगितलं, ती म्हणे, मागचं दार तिकडंच उघडते, दोन पावलं तर हायेत.
पण म्हातारीला मी दिसतो. दाराच्या मशीनला दिसत नाही. हे मनातून जात नाही.

२४ नोव्हेंबर
सौंसरला चोरी. उत्तम आत असताना! गिलास, चक्र, चीर.
सुप्रिया बराच वेळ माझ्या हाताकडे पाहत होती. हातात गिलास होता. मी सांगितलं, ही टोळी आहे, सगळ्यांनी अंगठ्याला मुद्दाम सारखी चीर पाडून घेतली असावी. ती म्हणाली, सर, प्लीज, एकदा तुमचा ठसा द्या. चांगली मुलगी आहे, पण चिकट.
मनात भलतंच येऊन राहिलं. मेलेल्या माणसाचा ठसा असेल का? कोणी मेलेला असा तहानलेला फिरत असेल का, गावोगाव?
संकल्प : असलं लिहायचं नाही.

२६ नोव्हेंबर
मोठे साहेब तपासणीला आले. हीच संधी. सगळ्यांसमोर म्हणालो, साहेब, दाराची मशीन मला रोज सांगते की मी नाही. आता आतलीला विचारू. काय लायकीची आहे ते कळेल. सुप्रिया हळूच म्हणाली, सर, आत्ता नको, मग एकटे असताना करू. मी म्हणालो, आत्ताच.
साहेबांनी पाणी मागवलं होतं. मीही घेतलं. अंगठा ओला होता, तसाच ठेवला.
स्क्रीनवर पट्टी सरकली. मशीनने जुळलेल्या ठशांची नावं काढली.
रामाकोना. मोहगाव. लोधीखेडा. सौंसर.
साहेबांनी हातातला गिलास खाली ठेवला. सुप्रियाने स्क्रीन थोडा भिंतीकडे वळवला.
म्हणजे मशीन चांगली आहे. ओला अंगठा तिला ओळखता येतो.

२८ नोव्हेंबर
उत्तम काल सुटला. साक्षगंध मोडलं. पोराकडचे म्हणाले म्हणे, सुटला तरी आत तर होता. चपराशी हे माझ्याकडे न पाहता सांगत होता.
ऑर्डर आली. माझी जागा शाबूत आहे, हे आधी लिहितो. अहवालावर यापुढे सही सुप्रियाची. मी स्टाफचे आणि चोरी झालेल्या घरच्या मंडळींचे ठसे घ्यायचे, वगळण्यासाठी. अनुभवी माणसाशिवाय हे काम कोणाला जमणार? सुरुवात माझ्यापासून झालीच आहे.
खरे चोर अजून बाहेर आहेत. गिलासांच्या नादात खिडक्यांचे ठसे घ्यायचे राहिले होते.

३० नोव्हेंबर, रविवार
रामाकोन्याला जाऊन आलो. ठरवलं होतं, शांतपणे समजावून सांगायचं. तांत्रिक बाब आहे, कोणाकडूनही होऊ शकतं. बसमध्ये दोनदा म्हणून पाहिलं, चांगलं वाटलं.
उत्तम अंगणात कॅन धूत होता. ऋतुजा मला पाहून आत गेली. देवकाबाई दारात कापूस निवडत बसली होती. मी म्हणालो, देवकाबाई, मी आलो. तिने मान वर केली, माझ्यातून पलीकडे रस्त्याकडे पाहिलं, पुन्हा कापसात बोटं घातली.
मी उभा राहिलो. ऊन चांगलंच होतं. घराघरांत पाणी प्यालेला माणूस मी, वाटत होतं की आता विचारतील, आता विचारतील. उत्तमच्या पाइपमधून पाणी वाहत माझ्या चपलेपर्यंत आलं.
कोणी विचारलं नाही. पाठ केलेलं तोंडातच राहिलं.
घरी आलो. सुमनला म्हणालो, पाणी दे. म्हणे, कॅन आजही रिकामाच हाये. उत्तम आता सुटला नं, त्याले फोन लावा, नंबर तुमच्याच फोनात हाये.
फोन हातात घेतला. उघडायला अंगठा मागतो आहे.
पुसून ठेवला. पुन्हा ठेवला. अंगठा कोरडा आहे.