फोटोखालचं नाव

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा गेले! ऑफिसातून निघताना ठरवलं होतं, आज सरळ घरी. पण पाय ऐकतील तर शपथ.

जुन्या गोदामातलं ते फोटोंचं प्रदर्शन. सगळी रस्त्यावरची माणसं, आपापल्या कपड्यांत, चालता चालता टिपलेली. बसथांब्यावरच्या म्हातारीचे पिवळेधमक हातमोजे. ठिपक्यांच्या झग्यातली एक जाडजूड बाई अशी चालली आहे, जणू रस्ता तिला माहेराहून आंदण मिळालाय. दिवसभर मी लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिते — ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ — आणि संध्याकाळी इथे आले की वाटतं, माणसं काही फक्त तक्रारच करत नाहीत. नटतातसुद्धा!

आई म्हणाली, “स्वतःला एक धड कपडा घ्यायचा सोडून लोकांचे बघायला जातेस. एवढं शिकवलं ते ह्यासाठी?”

बहुतेक ह्यासाठीच. पण तिला कसं सांगू?

८ फेब्रुवारी, रविवार

पहिल्यापासून, नीट लिहिते.

गर्दी होती म्हणून मागच्या खोलीत शिरले. तिथे आजवर गेलेच नव्हते. आणि समोर भिंतीवर — बाबा!

भिंतभर मोठे. उंटाच्या रंगाचा लांब कोट, एक हात खिशात, मान जरा वर, हसण्याच्या बेतात. आधी ओळखलंच नाही मी. एक देखणे गृहस्थ, एवढंच वाटलं. मग कान दिसले. आमच्या घराण्याचे कान, लपतात थोडेच!

लाँड्रीत दिवसभर वाफेच्या इस्त्रीपुढे वाकून उभे राहणारे माझे बाबा. असे ताठ मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं.

आणि खाली पट्टीवर काय लिहिलंय? ‘लांब लोकरी कोट. रुंद कॉलर, रेशमी अस्तर. थंडीतली सकाळ.’ बस्स! अस्तराची दखल, आणि आतला माणूस बिननावाचा? खुंटी आहे का तो?

हा कोट कुठला, हे मनात आलं नाही असं नाही. कुणीतरी जुना दिला असेल. रागाच्या भरात ते कुठच्या कुठे गेलं.

घरी अवाक्षर काढलं नाही. आधी नाव लागू दे. मग दोघांना घेऊन जाईन.

१० फेब्रुवारी, मंगळवार

प्रदर्शनाच्या व्यवस्थापिकेला गाठलं. चष्मा डोक्यावर, लक्ष तिसरीकडेच.

“रस्त्यावरच्या प्रत्येकाचं नाव कुठे शोधत बसणार?”

“शोधू नका. मी सांगते ना!”

“फोटोग्राफरला विचारावं लागेल. काही कारण असेल.”

“कारण एकच असतं हो. गरिबाचा चेहरा चालतो, नाव चालत नाही.”

आवाज चढला माझा. दोघंतिघं वळून बघायला लागले. चष्मा डोक्यावरून नाकावर आला. “बघते,” म्हणाली. पेटून उठले की मला ऐकूच येत नाही दुसऱ्याचं. आई म्हणते, वकील व्हायची, राहून गेली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

जिंकले! फोटोग्राफर दौऱ्यावर आहे, सापडत नाही; पण व्यवस्थापिका माझ्या रोजच्या फेऱ्यांना कंटाळली. नवी पट्टी लावली. बाबांचं पूर्ण नाव. खाली त्यांचं काम आणि लाँड्री कुठल्या चौकातली तेही. मीच हट्टाने लिहायला लावलं. कामाची लाज कसली?

घरात जीव रमत नाही. सारखी आत-बाहेर. बाबा म्हणाले, “अगं, बूड टेकव कुठेतरी. भिंगरी लागल्यासारखी काय करतेस?”

रविवार कधी येतोय!

१५ फेब्रुवारी, रविवार

लिहू नये असं वाटतंय.

आई फोटोपुढे गेली आणि ओरडलीच, “अगबाई! हे तर हेच!” मग पदर तोंडाला लावून हसत सुटली. “एवढे उजळ कधी झालात हो? आणि हा कोट?”

बाबा हसले नाहीत. फोटोकडे पाहिलंही नाही. पट्टी वाचली. परत वाचली. चेहरा पांढराफटक.

“चला,” म्हणाले.

बाहेर पायरीवर बसले. मी शेजारी उभी, अजून मूर्खासारखी विचारतेय, “आवडलं नाही का?”

“कोट गिऱ्हाइकाचा होता बाळ.”

लाँड्रीत एक नियम आहे. गिऱ्हाइकाचा कपडा अंगाला लावूनसुद्धा बघायचा नाही. घातला तर त्याच दिवशी घरी. मालकांनी एकाला असं काढलेलंही आहे. त्या सकाळी बाबा वाफ उतरावी म्हणून कोट दाराबाहेर टांगायला गेले. थंडी होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. घातला. कोपऱ्यापर्यंत जायचं आणि परत. इतकंच.

“कोपऱ्यावर तो कॅमेरेवाला भेटला. एक फोटो घेऊ का म्हणाला. मला वाटलं, घे बाबा. त्याने नाव विचारलं होतं. मीच नको म्हणालो.”

मीच नको म्हणालो! आणि मी तिथे गरिबांच्या नावावर भाषण ठोकून आले. त्यांचंच गुपित त्यांच्या नावासकट भिंतीवर डकवून!

आई बाबांचा हात धरून पुढे चालू लागली. मला रागावली असती तर बरं झालं असतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

गोदामाला सोमवारी कुलूप. माहीत असून गेले. दार ढकलून पाहिलं. एका तक्रारदाराला आज चुकून ‘अभिनंदन’ लिहून पाठवलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

पट्टी काढून घेतली. व्यवस्थापिका म्हणाली, “आधी लावा, मग काढा! तुमचं नक्की काय आहे?” खाली मान घालून ऐकून घेतलं.

पण इतक्या दिवसांत किती जणांनी वाचली असेल? कोटाचा मालक असल्या ठिकाणी येणाऱ्यांपैकीच असणार. असे कोट घालणारी माणसंच तर येतात तिथे.

मला तिथे आता बघवतही नाही काही. पिवळ्या हातमोज्यांची म्हातारी माझ्याकडेच रोखून बघते, असं वाटलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

जेवताना आई म्हणाली, “काही म्हणा, शोभत मात्र होता हो तुम्हाला.”

बाबा जेवत राहिले. मग म्हणाले, “दुकानाची घंटा वाजली की इस्त्री हातात तशीच राहते. वाटतं, आत्ता आला तो, कोटवाला.”

“येऊ दे,” आई म्हणाली. “तुम्ही काय खाल्लात का कोट त्याचा?”

मी माफी मागितली. “वाढ गं तिला,” एवढंच म्हणाले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

बाबा दुपारीच घरी आले. मालकांना आपणहून सांगून टाकलं. नोकरी गेली.

चपला काढून खुर्चीत बसले, पाय लांब केले. मी रडायला लागले, तर म्हणाले, “रविवारी पुन्हा जाऊ या गं. त्या दिवशी मी फोटो पाहिलाच नाही.”