दोन तास पस्तीस मिनिटं

ता. १९, रविवार, दुपार

चि. बारक्यास, ताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सुखरूप पोचलास, धाकटीचा ताप उतरला, वाचून बरं वाटलं. इकडे मी ठीक. गेल्या सोमवारपासून कामावर जातेय. विमान तिकिटांच्या खिडकीवर बसायचं, कुठून कुठे किती अंतर, किती वेळ लागेल ते सांगायचं. सगळं तोंडपाठ आहे, डोकं लागत नाही. जेवते, झोपते. रडू मात्र येत नाही. शेजारच्या काकू म्हणतात, "एकदा रडून घे, मोकळी होशील." मी म्हटलं, "बघते."

बाबांचा पलंग दवाखान्याला देऊन टाकला. चष्मा तुझ्यासाठी ठेवलाय.

तू विचारलंयस, "ताई, त्या मंगळवारी मी फोन केला तेव्हा तुला खरंच काही कल्पना नव्हती?"

होती.

डॉक्टर सकाळी आठलाच म्हणाले होते, "ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवून घ्या." मी आमच्या ऑफिसात फोनसुद्धा लावला. एकच्या विमानात अकरा जागा रिकाम्या होत्या. तुझ्या शहरापासून इथवर अठराशे चाळीस किलोमीटर, दोन तास पस्तीस मिनिटं. पाचपर्यंत तू त्यांच्या उशाशी असतास. तेवढ्यात तुझाच फोन आला, आणि मी म्हणाले, "नेहमीचंच रे, जरा धाप लागलीय. उगाच धावपळ करू नकोस." तू म्हणालास, "तू आहेस म्हणून मी निर्धास्त असतो."

का केलं? अकरा वर्षं त्यांचं अंथरूण-पांघरूण, औषध-पाणी मी केलं. आणि आल्यागेल्याला ते सांगायचे, "मुलगा काय, अडीच तासांवर तर आहे." मी चहाचा कप घेऊन समोरच उभी असायचे. तू आलास की मी तर घरात असून नसल्यासारखी. वाटलं, शेवटचा दिवस तरी माझ्या एकटीचा असू दे.

तसा तो झाला नाही. दर थोड्या वेळाने विचारायचे, "निघाला का?" शेवटी मी म्हटलं, "निघाला." मग माझ्याकडून दाढी करून घेतली. धुतलेला सदरा मागितला. संध्याकाळी म्हणाले, "विमानाला उशीर झाला असेल, नाही का गं?" मी "हो" म्हटलं. बुधवारी सकाळी साडेअकराला गेले, तेव्हाही मान दाराकडेच वळलेली होती.

त्याच संध्याकाळी तू आलास आणि माझ्या गळ्यात पडून म्हणालास, "माझ्या नशिबातच नव्हतं." मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला.

माफी मागत नाही. मागावी इतकंही आत काही हलत नाही. तू विचारलंस, म्हणून लिहिलं. वहिनीला सांगायचं की नाही ते तू ठरव.

अजून तशी हाक मारावीशी वाटली, तर तुझी,
ताई